मार्गशीर्षाचा चौकोन

विमल,

कार्तिकातल्या त्या दुपारी तू मार्गशीर्षाचा नमुना मागितलास आणि मी तो मुद्दाम सावकाश काढला. हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

तू पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसली होतीस. आपली लेक प्रणिता आतल्या खोलीत पडली होती, तिला आठवा महिना लागला होता. महिन्याला एक चौकोन, हा आपला चैत्रापासूनचा नेम. मी कागदावर नमुना काढून कापडावर उतरवायचा, तू तो दोऱ्यानं भरायचास. कार्तिकाचं ज्वारीचं कणीस नुकतंच भरून झालं होतं. दिवाळीच्या चकल्या अजून डब्यात होत्या. आणि तू म्हणालीस, "अहो, पुढच्या महिन्याचं आताच काढून द्या."

"एवढी काय घाई हाय?"

"घाई न्हाई. दिवस लहान होऊन राहिले."

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, येळवशीला, अख्खा जिल्हा शेतात जाऊन कडब्याची झोपडीवजा कोप घालतो, पूजा करतो, जेवतो. ती कोपच काढायची असं आपलं आधीच ठरलं होतं. शाळेत पोरांना अशी कोप मी फळ्यावर हसतखेळत काढून दाखवायचो. तुझ्यासाठी काढायला मात्र आठवडा लावला. कडब्याचं एकेक धाट काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मला वाटत होतं, नमुना हातात पडला नाही तर तुला थांबावं लागेल.

शेवटी तूच कागद ओढून घेतलास. "मास्तर, कोप हाय का राजवाडा? द्या इकडं." अर्धी कोप माझ्या रेघांवर भरलीस, उरलेली नुसत्या अंदाजानं.

रागावलीस की तू मला मास्तर म्हणायचीस. एरवी अहो. तू गेल्यापासून दोन्ही शब्द कुणी उच्चारले नाहीत. लोक सर म्हणतात.

ही सगळी सुरुवात प्रणितानं उदगीरहून फोन केला त्या दिवशी झाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, आपण विचारायचं सोडून दिलं होतं. तू फोन ठेवलास, ट्रंकेतून पांढरं मांजरपाट काढलंस आणि माझ्यासमोर टाकलंस. "चित्रं काढून काढून शाळेच्या भिंती रंगवल्या. आता नातवंडासाठी काढा." लहान चौकोन, तुझ्या तळहातापेक्षा जरा मोठे. पोटातल्या प्रत्येक महिन्याला एक. सगळे जोडले की बाळाचं दुपटं.

चैत्रासाठी मी कडुनिंबाची डहाळी काढली. पानांच्या शिरा, सावली, सगळं. तू कागद लांब धरलास, जवळ धरलास. "हे चित्र हाय. नक्षी न्हाई."

"फरक काय?"

"चित्र बघायचं असतंय. नक्षी भरायची असतीया. सुईला एवढं वळता येत न्हाई."

मी चिडलो. आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि घरात ही बाई मला चित्र काय ते सांगते! पण दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. चौथ्यावर डहाळीला नुसती पानं उरली, तेव्हा तू हं म्हणालीस. वैशाखात माठ. ज्येष्ठात तिफण, ती तुला एकदम पसंत पडली, कारण बिलोलीकडच्या तुमच्या शेतात तू लहानपणी तिफणीमागं चालली होतीस. आषाढात मात्र मी हट्टानं उदगीरचा किल्ला काढला. म्हटलं, बाळाच्या गावची खूण. तू तोंडाला पदर लावून हसत सुटलीस. "लेकराच्या अंगावर किल्ला? बुरूज टोचंल की हो!" किल्ला गेला, मुगाची शेंग आली. त्या किल्ल्यावरून आपण नंतरही भांडत होतो. मला अजूनही वाटतं, एखादा लहानसा बुरूज बसला असता.

शाळेत चित्रकलेचा तास कुणालाही देऊन टाकायचे. गणिताचं उरलं, द्या मास्तरचा तास. माझी चित्रं गॅदरिंगच्या पडद्यावर लागायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायची. कुणी एवढं बोट फिरवून माझी रेघ पाहिली नव्हती. "इथं जाड झाली." "इथं मोडली." "इथं बरी हाय." म्हातारपणी तू मला विद्यार्थी केलंस आणि मला ते आवडत होतं. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, गप बसा, चहा करा.

एक गोष्ट तू पहिल्याच दिवशी सांगून टाकली होतीस. चौकोन भरायचे, पण जोडायचे नाहीत. बाळ जन्मल्याशिवाय बाळाचं काही शिवून ठेवायचं नाही.

"मग हे काय चाललंय?" मी म्हणालो.

"हे चौकोन हायत. जोडल्याबिगर दुपटं होत न्हाई."

आपल्या दोघांनाही ठाऊक होतं तू हे कशामुळं म्हणतेस. प्रणिताच्या आधीचं आपलं पहिलं बाळ. तेव्हा मी खेड्यावरच्या शाळेत होतो आणि तू नवीन नवरी. पोटुशी असताना तू दुपारभर बसून दुपटं शिवलं होतंस, लाल काठाचं. मुलगा झाला. रडलाच नाही. माझी माय बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आधीच शिवून बसली. नजर लागली." मी तिथंच मायला गप्प केलं. तुला म्हणालो, याचा दुपट्याशी काही संबंध नाही, नाळेचा वेढा पडला होता, डॉक्टरनं मला स्वतः सांगितलंय. तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, "तुमचं खरं असंल."

तुला एखादी गोष्ट पटली नाही की तू असंच म्हणायचीस.

त्या पोराला मी त्याच दुपट्यात गुंडाळून शेताच्या बांधाला नेलं. परत आलो तेव्हा तू एवढंच विचारलंस, "उघडं न्हाई ना ठेवलं?" मी नाही म्हणालो. त्यानंतर तू स्वतःहून त्याचा विषय काढला नाहीस. प्रणिता झाली तेव्हा घरात एक लंगोट तयार नव्हता. तिला माझ्या धोतरात गुंडाळलं होतं.

श्रावणात तुझ्या पोटातली गाठ सापडली. लातूरच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झालं. मी डब्यात दशमी बांधून घ्यायचो, तू पिशवीत चौकोन. एसटीत सुई धरता येत नाही म्हणून तू दवाखान्याच्या बाकावर बसून भरायचीस. नंबर येईपर्यंत शेजारच्या बायका गोळा व्हायच्या. "काय करून राहिल्या ताई?" "नातवाचं." मग त्या त्यांचं काहीबाही सांगायच्या. एका बाईनं श्रावणाच्या झोक्यात एक टाका घालून दिला होता. तिच्या डोक्यावर केस नव्हते, स्कार्फ होता. तू तिचा टाका उसवला नाहीस. नंतरच्या खेपांना तू तिला शोधत होतीस. ती दिसली नाही.

घरी मी नमुने उतरवायला नीळ आणि रॉकेल वापरायचो. कागदाला सुईनं भोकं पाडायची, वरून बोळा फिरवायचा, खाली निळे ठिपके उमटतात. औषध सुरू झाल्यावर तुला रॉकेलच्या वासानं उलट्या व्हायला लागल्या, म्हणून मी कार्बन पेपर आणला. मग एक दिवस तुझ्या बोटांतलं कळणं गेलं. डॉक्टर म्हणाले, या औषधानं असं होतं. भाद्रपदाची पावलं भरताना तुला सुई टोचली आणि तुला ते समजलंच नाही. मी आत आलो तर महालक्ष्मीच्या पावलाशेजारी लाल ठिपका. तू बोट तोंडात घातलंस, थुंकी लावून तो ठिपका पुसलास. "ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीनं निघतंय," म्हणालीस. निघालाही. मी तेव्हा म्हणालो, पुरे आता. तू ऐकलं नाहीस. नंतरचे टाके तू डोळ्यांनी घातलेस. बोट कुठं आहे ते आधी पाहायचीस, मग सुई पुढं न्यायचीस. पहिल्या चौकोनातले टाके राजगिऱ्यासारखे बारीक होते. आश्विनात ते तुरीच्या दाण्याएवढे झाले.

मग आपलं ते भांडण. सातव्यात डोहाळजेवण करून प्रणिता माहेरी आली. तिच्या सासूबाई म्हणत होत्या, विहीणबाई आजारी, बाळंतपण उदगीरलाच करू. प्रणितानं ऐकलं नाही, तूही ऐकलं नाहीस. ती आली आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. मी घरी आलो आणि तुला म्हणालो, "विमल, आता जोडून टाक."

"बाळ आलं की जोडते."

"आताच जोड. मी मदत करतो."

तू माझ्याकडं पाहिलंस. डॉक्टर काय बोलले ते तू मला विचारलं नाहीस. "तुमी मला सांगू नका. एकदा झालं तेवढं बास."

"त्याचा दुपट्याशी संबंध नव्हता. किती वर्षं सांगू?"

"तुमचं खरं असंल."

मी त्या दिवशी ओरडलो. म्हणालो, अडाण्यासारखं वागू नको, तुझ्या हातचं दुपटं तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. प्रणिता दारात येऊन उभी राहिली. तू शांतपणे दोरा ओवत होतीस. ओवत कसली, दोरा सुईच्या शेजारून जात होता. प्रणितानं सुई घेतली, ओवून दिली. तू म्हणालीस, "माझ्या डोळ्यांसमोर न्हाई झालं तरी चालंल. लेकरू यावं."

मी उठून चहा टाकला.

तू सकाळी गेलीस. मी चहा घेऊन आलो होतो. मार्गशीर्षाची कोप भरून उशाशी ठेवलेली होती, सुई कापडात टोचलेली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, पोटुशी बाईनं मयत बघू नये, तिला शेजारी न्या. प्रणितानं कुणाचं ऐकलं नाही. ती तुझ्या पायाशी येऊन बसली, बराच वेळ तळपाय चोळत राहिली. तुझे पाय गार पडायचे म्हणून ती रोज चोळायची, तसेच. मग स्वतःच उठली आणि म्हणाली, "आता न्या."

तुझी धाकटी बहीण चंद्रकला गावाहून आली ती राहिलीच. म्हणाली, अक्काच्या जागी मी बाळंतपण करते. तिचा आवाज तुझ्यासारखा आहे. स्वयंपाकघरातून ती "दाजी" म्हणून हाक मारते तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज ऐकू येतो आणि मग शब्द कळतो.

तेराव्यानंतरची गोष्ट सांगतो. प्रणिता चौकोन घेऊन माझ्यासमोर बसली. सगळे चटईवर मांडले. "बाबा, हे जोडून टाकू. मावशी शिवून देईल. मला दवाखान्यात न्यायचंय. बाळाला पहिलं आईचंच लागू दे अंगाला."

मी म्हणालो, "न्हाई."

"का?"

"बाळ आल्यावर."

"तुमीच तर आईला अडाणी म्हणला."

"म्हणलो."

"मग आता?"

मला अजूनही वाटतं नाळेचा वेढा होता, दुसरं काही नव्हतं. पण विमल, तू असताना मी बिनधास्त तसं म्हणू शकत होतो, कारण घाबरायचं काम तू करत होतीस. तू गेलीस आणि ते काम माझ्याकडं आलं. मी चौकोन गोळा केले, घडी घातली, कपाटात ठेवले. प्रणिता माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई ऐकत असती तर लई हसली असती." आणि तीच हसली. तू गेल्यानंतर घरात पहिल्यांदा कुणी हसलं. हसता हसता रडायला लागली. चंद्रकलेनं तिला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "दाजी, तुमी जरा बाहेर फिरून या."

येळवशीच्या अलीकडं तिला कळा सुरू झाल्या. जावईबापू उदगीरहून निघेपर्यंत आम्ही तिला दवाखान्यात नेलं. आत चंद्रकला, बाहेर मी. बाकावर बसलो होतो आणि मला त्या खेड्यातला दिवस आठवत होता. तेव्हाही मी बाहेरच होतो, आतून काही आवाज येत नव्हता. या वेळी मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. एक दाई म्हणाली, काका, बसा ना. मी बसलो नाही.

रडली, विमल. एवढ्या मोठ्यानं रडली की दाईसुद्धा हसली. मुलगी झाली.

नर्स बाहेर आली. "कपडा द्या, मऊ बघून." माझ्या पिशवीत तुझं जुनं सुती लुगडं होतं, निळ्या बारीक चौकटीचं, चंद्रकलेनं गरम पाण्यातून धुऊन फाडून दिलेलं. शिवलेलं काही नव्हतं. तुझा नेम मोडला नाही. पोरीला त्यातच गुंडाळून माझ्या हातात दिली. तुझी हनुवटी आहे. भांडायला पुढं काढायचीस तीच.

येळवशीच्या दिवशी आपलं अहमदपूर ओस पडतं, तुला माहीत आहे. दुकानं बंद, स्टँडवर माणूस नाही, सगळे शेतात. आपल्याकडं यंदा सण नव्हता. प्रणिता आणि पोर घरी आली होती. चंद्रकलेनं कपाटातून चौकोन काढले, मधल्या खोलीत सतरंजी अंथरली आणि म्हणाली, "बसा दाजी. आज कुणी येणार न्हाई."

चौकोन एकमेकांना बसेनात. तू सगळे सारखेच कापले होतेस, पण बोटं गेल्यावर दोरा कुठं जास्त ओढला गेला होता, कुठं सैल राहिला होता. कार्तिकाचा चौकोन एका बाजूला आखडला होता. चंद्रकला म्हणाली, "कडा कापून सारखं करते. नायतर तिरपं होतंय."

"कापायचं न्हाई."

"दाजी, वाकडं दिसंल."

"दिसू दे."

तिनं वाद घातला नाही. आत तुझ्या त्याच लुगड्याचा उरलेला भाग घातला, खाली अस्तर लावलं. चौकोन तिनं जोडले आणि वरचा धावदोरा मला दिला. मी आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नव्हतं. पहिली ओळ घातली, वाकडी गेली. चंद्रकला उसवायला निघाली तर पलंगावरून प्रणिता म्हणाली, "मावशी, राहू दे. बाबांचं चित्र हाय ते." बाळंतिणीनं सुई धरू नये म्हणून तिला आम्ही हात लावू दिला नाही, पण ती उशीवरून सूचना देत होती. इथं घ्या. तिथं दाट झालं. अगदी तुझ्यासारखी.

दुपारी शेजारच्यांनी शेतातून शेंगापालेभाज्यांची भज्जी, भाकरी आणि आंबिलाची किटली पाठवली. दुखवट्याच्या घरी सण नसतो, पण अन्न पाठवायला कुणाची हरकत नसते, असा निरोप होता. आम्ही तिघं तिथंच सतरंजीवर जेवलो. मला भूक लागली होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

दुपटं संध्याकाळी झालं. तिरपं आहे. एक कोपरा लांब, एक आखूड. कडुनिंबाच्या डहाळीजवळ बोट फिरवलं की बारीक खरखर लागते आणि तिथून खाली येत येत टाके मोठे होत जातात. डोळे मिटून हात फिरवला तरी तुझं वर्ष कळतं. मी रोज फिरवतो. श्रावणाच्या झोक्यात त्या स्कार्फवाल्या बाईचा टाका आहे, तो मला अजून सापडलेला नाही. तू दाखवला होतास, मी लक्ष दिलं नव्हतं.

परवा बारसं आहे. प्रणितानं नाव अजून सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. जावईबापू म्हणतात विमल ठेवू. चंद्रकला नको म्हणते, हाक मारताना सगळ्यांचे डोळे भरतील. मला विचारशील तर मलाही नको. तुझं नाव तुझंच राहू दे. पोरीला तिचं स्वतःचं असावं.

तुला मी आयुष्यभर सांगत आलो की त्या पोराचं जाणं तुझ्या हातून झालेलं नव्हतं. आता पुन्हा सांगतो. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

हे लिहितोय तेव्हा पोर माझ्या शेजारी पाळण्यात आहे. प्रणिता ऊन घ्यायला मागच्या दारी बसली आहे, चंद्रकला डिंकाचे लाडू वळते आहे. थंडी चांगलीच पडली आहे. मी दुपटं पोरीच्या अंगावर घालतो आणि ती पाय झाडून ते खाली ढकलते. पुन्हा घालतो, पुन्हा ढकलते. तिला अजून डोळे नीट स्थिर करता येत नाहीत, पण पायात जोर आहे. लेखणी ठेवून उठतो. पाय उघडे पडलेत.